दोन मोकळ्या जागा

“मॅडम, खांबावर आपला माणूस आहे,” बोरकुटे साहेब म्हणाले. “म्हणून पुन्हा विचारून राहिलो. दाबू ना?”

“दाबा साहेब, बिनधास्त दाबा,” अखिलेश म्हणाला. “सगळा टेस्ट झालेला आहे.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं बोट माउसवर होतं आणि डोळे माझ्यावर. पडद्यावर दोन रेघा होत्या. पिवळी होती ती फाउंड्रीची लाइन, चालू. राखाडी होती ती दालमिलची, सकाळपासून दुरुस्तीसाठी बंद. त्या राखाडी रेघेवर माणसाचं एक छोटं चित्र मीच बसवलं होतं. खऱ्या खांबावर, उन्हात, तो माणूस म्हणजे लाइनमन देवाजी मडावी होता.

जप झाला होता, दिवा शांतपणे तेवला होता, गुरुवारचा उपास होता. तरी मन लागत नव्हतं. त्याला काही कारणही सापडत नव्हतं.

मी मान हलवली. साहेबांनी बटण दाबलं.

आता हे काय बटण होतं ते सांगायला हवं. नागपूरबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीला वीज पुरवणारी ती खासगी कंपनी होती. एखादी लाइन दुरुस्तीला बंद केली की तिच्या पलीकडच्या टोकाचे कारखाने अंधारात जात. मग माणसं जीप घेऊन निघत, दुरुस्तीचा तुकडा लाइनीपासून वेगळा काढत आणि पलीकडच्यांना शेजारच्या लाइनीवरून वीज जोडून देत, हातानं. ते काम आता कंट्रोल रूममधून व्हायचं होतं. त्याच्या प्रोग्रामचा गाभा मी लिहिला होता. बटणं, पडदे आणि त्यांच्यामागची जोडाजोड अखिलेशची. अखिलेश चौकसे, छिंदवाड्याचा, माझ्याहून बराच लहान. मला दीदी म्हणायचा आणि नागपुरात राहून शिकलेलं मराठी बेधडक बोलायचा.

सकाळी चहाच्या वेळी साहेबांनी मला खोदून विचारलं होतं. तीस-एक वर्षं वीज सांभाळलेला माणूस, त्यांना नुसतं ‘चालतं’ पुरायचं नाही.

“हे मला समजावा. आमच्याकडे कधी सबस्टेशन लाइनीला देते, कधी एक लाइन दुसरीला देते, कधी जनरेटर नुसत्या एका डीपीला देतो. इतक्या तऱ्हा. आणि तुम्ही म्हणता, रीत एकच लिहिली?”

“म्हणूनच तिच्यात दोन जागा मोकळ्या ठेवल्यात,” मी म्हटलं. “पहिल्या जागी अमुक, दुसऱ्या जागी तमुक. अमुक कोणत्या प्रकारचा आणि तमुक कोणत्या प्रकारचा, ते मी ठरवत नाही. जो ती रीत वापरतो तो ठरवतो. रीत दोघांना जोडून देते.”

“लग्नपत्रिकेसारखं!” साहेबांनी कपात बिस्किट बुडवलं. “छापखान्यात मजकूर तयार. चिरंजीव अमुक आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक. नावं मागून.”

“अगदी तसंच.”

“आणि नवऱ्याच्या जागी नवरी छापली तर?”

“असा कसा होईल साहेब,” अखिलेश हसला. “नाव वाचूनच कळतो ना. आमचा कंपायलर असतो, प्रोग्राम चालायच्या आधी सगळा वाचून काढतो. माणसाच्या जागी बैल आला तर तिथंच अडवतो.”

“बैलाचं सोड. माझ्या साळ्याच्या लग्नात नवऱ्याचं नाव किरण आणि नवरीचंही किरण. अर्धे लोक मुलीकडचे म्हणून मुलाच्याच घरी आहेर देऊन आले, बाप्पा.”

सगळे हसले. मडावी दाराशी उभा होता, तोही हसला. बंद लाइनीवर चढायच्या परमिटवर सही घ्यायला आला होता. डोक्याला ओला गमछा, कमरेला पट्टा. मी त्याला म्हटलं, “देवाजीभाऊ, आज पहिल्यांदाच हे चालवतोय. सांभाळून करा.” त्यानं हात कानामागे धरला.

“काय म्हनता ताई? तुमी एवढ्या हळू बोलता, तुमच्या मशीनले तरी ऐकू येते का?”

मी नुसती हसले. कुणापुढे आवाज चढवायचा नाही, हा माझा नेम होता. इतर नेमांसारखाच रोज सकाळी दिव्यापुढं घ्यायचा.

आता मडावी खांबावर होता आणि बटण दाबलं गेलं होतं.

बटण दाबल्यावर लगेच काही घडत नाही. पलीकडच्या हॉलमध्ये ब्रेकर होते, एकेक लाइन चालू-बंद करणारी, भिंतीला लागून उभी असलेली लोखंडी कपाटं. ते जुने होते. हुकूम मिळाला की आतली मोटर आधी एक भलीमोठी स्प्रिंग ताणायची, घूंऽऽ असा आवाज करत, आणि पूर्ण ताणली की ब्रेकर धाडकन बसायचा. तेवढा अवधी मिळायचा. तेवढाच.

साहेबांचा फोन वाजला. पलीकडच्या टोकाला मिरचीचं कोल्ड स्टोरेज होतं, त्याच्या मालकाचा. “आली शेठ, आली,” साहेब खुर्ची वळवून बोलू लागले. “आता येते लाइट. बटण दाबून राहिलो आणि तुमचा फोन.”

पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ओळी उमटायला लागल्या. यंत्र काय करतंय ते त्यानं बोलून दाखवावं म्हणून मीच त्या लिहिल्या होत्या. वाचायची खरं तर गरज नव्हती. मी सवयीनं वाचल्या.

डी: दालमिल. जी: फाउंड्री. जी वर माणूस नाही. पुढे.

मी पुन्हा वाचलं. मला वाटलं माझीच नजर चुकतेय.

“अखिलेश, डीमध्ये दालमिल का आलीय?”

“काय दीदी?” कूलर घरघरत होता. तो वाकला.

“डीमध्ये. दालमिल.”

“हां, बरोबर आहे. डी मतलब डेस्टिनेशन. वीज दालमिललाच पोचवायची ना? आणि जी मतलब गिव्हर. फाउंड्री देते.”

तो इतक्या सहज बोलला की पहिल्यांदा मला काही वाटलंच नाही. मग ‘डेस्टिनेशन’ हा शब्द कानात अडकला.

ती अक्षरं माझी होती. मोकळ्या जागांना आमच्या धंद्यात एकेका अक्षराचंच नाव देतात. मला मात्र वाचताना अर्थ लागायला हवा होता. म्हणून मी डी लिहिला, देणारा. जी लिहिला, घेणारा. मराठीत विचार करणाऱ्याला दुसरं काही सुचणारच नाही. अखिलेशनं तीच दोन अक्षरं इंग्रजीत वाचली आणि त्यालाही दुसरं काही सुचलं नाही. दोन महिने आम्ही दोघं एकाच टेबलावर बसून डी आणि जी म्हणत होतो. चाचण्यांमध्ये दोन्ही लाइनी चालूच धरलेल्या, त्यामुळे कोण देतंय नि कोण घेतंय यानं काही बिघडत नव्हतं. आणि कंपायलर काय अडवणार? जागा मोकळ्या होत्या, कुणीही चालत होतं. त्यातून दोन्ही जागी लाइनच. किरण आणि किरण.

माणूस कामावर असल्याची खूण माझी रीत फक्त घेणाऱ्या लाइनीवर शोधायची. दुरुस्तीला बंद असते ती घेणारीच. तिच्यावर माणूस दिसला की त्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. आणि देणारी जर बंद सापडली, तर आधी ती चालू करायची.

यंत्राच्या लेखी दालमिल देणारी होती. ती बंद होती.

“थांबा,” मी म्हटलं.

साहेब फोनवर हसत होते. “तुमच्या मिरच्या काय पळून चालल्या का शेठ?”

“साहेब, थांबा.”

कूलरनं ते गिळून टाकलं. हॉलमधून मोटरचा आवाज सुरू झाला. घूंऽऽ.

मग मी ओरडले. तो आवाज माझा होता हे मला नंतर अखिलेशनं सांगितलं. “दालमिल चालू होतेय! उलटं झालंय! दालमिल!”

साहेबांनी एक शब्द विचारला नाही. फोन हातातून सुटला, खुर्ची मागे पडली, आणि साठीला आलेला तो माणूस एक चप्पल तिथंच टाकून हॉलकडे पळाला. मी मागे. उजेडातल्या खोलीतून एकदम अंधारात गेल्यासारखं झालं. सगळी कपाटं सारखीच. मोटरचा आवाज वर वर चढत होता. साहेब भिंतीशी हात घासत गेले, एका कपाटापाशी थांबले, त्यांनी त्यावरची काळी मूठ ‘लोकल’ लिहिलेल्या खुणेकडे फिरवली आणि त्याच दमात लाल बटणावर तळहात आपटला.

धाड.

आवाज कपाटातून आला की बटणाचा होता, मला कळलं नाही. साहेबांनाही कळलं नसावं. ते तसेच बटणावर हात दाबून उभे राहिले.

“बसला?” मी विचारलं.

“माहीत नाही.”

“एक क्षणभर तरी बसला का?”

“माहीत नाही म्हणतो ना, मॅडम!” त्यांनी कपाटावरच्या काचेशी डोळे नेले. “आता तर बंद दाखवतो. आता.”

अखिलेश दारात आला होता. मडावीला फोन लावत होता. फोन वाजत होता. वाजून वाजून बंद झाला. त्यानं पुन्हा लावला.

“उचलत नाही, दीदी.”

“खांबावर कसा उचलेल?” साहेब म्हणाले. पण त्यांच्या आवाजात काही जोर नव्हता.

जीप साहेबांनीच चालवली, तशीच एका पायात चप्पल घालून. रस्ता रिकामा होता. डांबर वितळून टायरांना चिकटत होतं आणि त्याचा चर्र आवाज येत होता. मागच्या सीटवर अखिलेश गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

“दीदी, मैंने मार दिया उसको.”

“अजून काही कळलेलं नाही.”

“त्याला दोन मुली आहेत. मला फोटो दाखवला होता.”

“गप रे,” साहेब म्हणाले. “गप बस. साकळी लावली असंल त्यानं. मी हजारदा सांगतो, चढल्यावर आधी अर्थिंगची साकळी लावा, चुकून लाइन आली तरी करंट जमिनीत जातो. लावतात.” थोडं पुढं गेल्यावर स्वतःशीच म्हणाले, “कधी कधी नाही लावत.”

मी जपाचं नाव घ्यायला गेले. जन्मभर ज्या नावावर माझा दिवस उघडतो आणि मिटतो, ते ओठांवर येईना. नाव घ्यायला जावं तर डी यायचा. पुन्हा जावं, जी यायचा. मी डोळे मिटले आणि नुसते हात जोडून बसले.

वळण घेतल्यावर खांब दिसला.

मडावी खांबावर होता. पट्ट्याच्या आधारानं मागे रेललेला, मान एका बाजूला, तोंडावर गमछा. दोन्ही हात खाली सुटलेले. हलत नव्हता.

साहेबांनी ब्रेक मारला, पण उतरले नाहीत. कुणीच उतरलं नाही. इंजिन चालू होतं. आम्ही तिघं काचेतून वर बघत होतो. त्या वेळेपुरतं तरी सगळं खरं नव्हतं, असं काहीसं माझ्या मनात आलं. दार उघडलं की ते खरं होणार होतं.

दार साहेबांनी उघडलं.

“देवा!”

काही नाही.

“देवाऽऽ!”

गमछा हलला. एका हातानं तो वर सरकवला.

“काय हो साहेब? काहून बोंबलता एवढे? जरा डोळा लागला होता. पाना तापला, हातात धरवत नाही.”

साहेब जीपच्या बॉनेटला टेकले. तेही तापलेलं होतं, तरी टेकले. अखिलेश जीपच्या मागच्या बाजूला जाऊन ओकला.

“लाइन आली होती का रे?” साहेबांनी विचारलं.

“आली असती तं मी बोललो असतो का?”

“साकळी?”

मडावीनं नजर खाली वळवली. “लावतोच होतो,” म्हणाला. साखळी खाली गवतात पडली होती, त्याच्या सदऱ्याशेजारी. सदऱ्याच्या खिशात फोन होता.

“काय झालं?” आता त्याचा आवाज बदलला. “तुमी तिघं कायले आले?”

“काही नाही,” साहेब म्हणाले. “पाहायला आलो. तू खाली ये, पाणी पी.”

तो उतरला. पट्टा सोडला, पाणी प्यायला आणि आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिला. साहेबांनी मला डोळ्यांनी खुणावलं, नको. त्यांचंही बरोबर होतं. घडलं तर काहीच नव्हतं.

मी सांगितलं. “देवाजीभाऊ, दोन अक्षरं होती. मी ती एका अर्थानं लिहिली, यानं दुसऱ्या अर्थानं वाचली. म्हणून यंत्रानं तुमची लाइन चालू करायला घेतली होती. साहेबांनी पळत जाऊन थांबवली.”

“कवा?”

“आत्ता. तुमचा डोळा लागला होता तेव्हा.”

त्यानं मान वर करून तारांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं.

“दोन अक्षरं,” तो म्हणाला.

“हो.”

“शाळंत मास्तर मले दोन अक्षराईसाठीच मारे.” तो हसला, पण हसू पुढं गेलं नाही. हात त्यानं काखेत दाबून धरले.

पलीकडं पत्र्याच्या शेडखाली एक कुत्रं धापा टाकत पडलं होतं.

“काम अर्धं हाय साहेब,” शेवटी तोच म्हणाला. “क्लॅम्प सुटा लोंबून राहिला. असा सोडता येत नाही. चढा लागते.”

“आज राहू दे.”

“आन् हवा सुटली तं? तार खाली येईन. मंग कोन मरंन काय सांगता येते?”

“मी मूठ लोकलला टाकली आहे,” साहेब म्हणाले. “आता त्या मशीनच्या हातात काही नाही. हॉलची चावी माझ्या खिशात. ही बघ.”

“सकाळी परमिट देतानी बी तुमी असंच म्हनले. काही होत नाही म्हनून.”

साहेबांनी चावी पुन्हा खिशात घातली.

मडावीनं साखळी उचलली, खांद्यावर टाकली. मग माझ्याकडे वळला.

“ताई, लिहिलं तं तुमी ना? मंग तुमीच सांगा. आता नाही येनार लाइन?”

उत्तर मला ठाऊक होतं. मूठ लोकलला असली की माझ्या प्रोग्रामचा हुकूम ब्रेकरपर्यंत पोचतच नाही. यात अक्षरांचा काही संबंध नाही. सरळ, पक्कं. पण सकाळी मान हलवतानाही मला सगळं ठाऊकच होतं.

“नाही येणार.”

“मंग या खांबाले हात लावून उभे राहा. मी उतरेपर्यंत.”

“ए देवा!” साहेब तडकले. “काय बोलून राहिला? मॅडम आहेत त्या.”

“मले राग नाही साहेब कोनाचा. पन माझे हात वरतं राहीन तवा खालतं बी कोनाचा तरी हात पाहिजे.” तो माझ्याकडे बघत होता, अगदी साधेपणानं. “नसंन जमत तं तसं सांगा. मी समजीन.”

मी पदर खोचला आणि खांबापाशी गेले. लोखंडी खांब, दुपारभर तापलेला. तळहात टेकवला तसा आपोआप मागे आला. पुन्हा टेकवला आणि धरून ठेवला.

मडावीनं एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. मग चढायला लागला. त्याच्या प्रत्येक पावलाचा हादरा माझ्या मनगटात येत होता. वर पोचल्यावर साखळी खळखळली, तारेला अडकली. मग सगळं शांत झालं.

मला भीती वाटत होती. किती ते सांगता येणार नाही. मी मनात माझा प्रोग्राम उघडला आणि ओळीन् ओळ वाचायला लागले. ही ओळ हुकूम सोडते. ही ओळ मूठ पाहते. मूठ लोकलला, म्हणून इथून परत. पुन्हा पहिल्यापासून. ही ओळ हुकूम सोडते. कुठंतरी असं एखादं अक्षर असेल का, जे मी एका अर्थानं लिहिलंय आणि दुसऱ्या कुणी, मी कधी पाहिलेलंही नाही अशा कुणी, दुसऱ्या अर्थानं वाचलंय? मी पुन्हा वाचत होते.

“ताई?” वरून आवाज आला.

“आहे.”

पाना फिरल्याचा आवाज. थांबला.

“ताई?”

“आहे मी.”

माझ्या बाजूला गवत वाजलं. अखिलेश आला होता. चेहरा पांढराफटक, शर्टवर पाणी सांडलेलं. तो खांबाच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि त्यानं दोन्ही तळहात लोखंडावर टेकवले. त्याचा श्वास एकदम आत ओढला गेलेला मी ऐकला. हात त्यानं काढले नाहीत.

“ताई?”

“आहे.”

“मी पण आहे, भैया,” अखिलेश म्हणाला.

वर पाना थांबला. “तू कोन?”

“ज्यानं उलटा वाचला, तो.”

आम्ही मान वर करून बघितलं नाही. साहेब जीपपाशी चावी मुठीत धरून उभे होते.

मग पाना पुन्हा फिरायला लागला.